काचेच्या शेगडीवर लोखंडी तवा : ठेवायचा की माळ्यावर टाकायचा?

होटगी रोडकर : इंडक्शनबद्दल बोलत नाही. काचेखाली तार लाल होते, त्या सिरॅमिक शेगडीबद्दल बोलतोय. ती घेतली की भाकरीचा जुना तवा माळ्यावर टाका. गॅसवर वर्षानुवर्षं तापून त्याचं बूड बाहेर आलेलं असतं. मधे टेकतो, कडा अधांतरी. उष्णता तव्यात न शिरता काचेखालीच साचते, मग आतला तापमान रोखणारा स्विच तार बंद करतो. सारखं चालू-बंद, चालू-बंद. भाकरी पांढरीफटक. सपाट बुडाचा ट्रायप्लाय, म्हणजे स्टील-ॲल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांचा तवा घ्या, विषय मिटला.

बाळीवेस : विषय कुठला मिटतोय ओ! दोष बुडाचा आहे, तुम्ही लोखंडाला शिक्षा देताय. तवा पालथा घालून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरा, मग फिरवून उभी धरा. मधे कागद सरकेल एवढी फट असेल तर उत्तम, तापल्यावर ती भरून येते. पट्टी मधल्या फुगवट्यावर डुलत असेल तर तवा बाद, मग तो कुठल्याही धातूचा असो. आणि तार बंद असते तेव्हा भाकरी शेकतं कोण? तव्यात साठलेली उष्णता. म्हणून जाड लोखंडच बरं. मधल्या आचेवर पाच मिनिटं तापवा, भाकरी टाकून वरून पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा. दुसरी बाजू शेकली की परत उलटून फडक्यानं कडा दाबा, फुगते. जाळी मात्र काचेवर ठेवू नका, चरे पडतात.

होटगी रोडकर : फुगेल, मान्य. पण ओतीव तव्याचं बूड खरखरीत असतं, त्यात काजळीचे थर. एकदा सरकवला की काचेवर रेघ.

बाळीवेस : मग सरकवता कशाला? उचलून ठेवा. काजळी आधी घासून काढा, आणि तवा ठेवण्याआधी काच पुसा. पिठात आलेला वाळूचा एक कणही चरा पाडायला पुरतो.

जुळे सोलापूर : तव्यावरून भांडताय, पण जास्त घोटाळा कुकर आणि कढईत होतो. तारेचं वर्तुळ साधारण १४.५, १८ किंवा २१ सेंमीचं असतं. भांडं घेताना बूड मोजा, तोंड नव्हे. २६ सेंमी तोंडाच्या कढईचं बूड कधी कधी १४ सुद्धा भरत नाही, आणि गोल बुडाची कढई तर नकोच. ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, फक्त ओढला की रुपेरी डाग पडतात. शिवाय बंद केल्यावरही काच तापलेली असते, म्हणून ठरलेल्या शिट्ट्यांच्या एक आधीच बटण बंद करा.

होटगी रोडकर : डाग निघतात हो. खरं नुकसान पाकाचं. लाडवाच्या गुळाचा पाक उतू गेला आणि काचेवर थंड झाला, तर खरवडताना काचेचा टवकाच निघतो. आच बंद करून, हातात जाड मोजा घालून, गरम असतानाच पात्याच्या खरवडणीनं काढायचा. पातं तिरकं धरा, टोक टेकवू नका.

बाळीवेस : हे शंभर टक्के बरोबर. तव्याचं मात्र पटलं नाही. पट्टी लावून बघा आधी, मग माळ्याचं बोलू.