३१ इंची टायर घातल्यापासून पुढचं बेरिंग टिकंना, काय करावं?

जांबोटीवाला:
नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, केए २२ पासिंग. पट्टे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वर घेऊन गाडी उचललेली आहे, मूळचे ६.००-१६ काढून ३१ × १०.५० आर १५ चे मड टायर टाकलेत, रिम रुंद, आणि टायर पट्ट्याला घासत होता म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना ३५ मिमीचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला रिमच्या मागं घालायच्या जाड चकत्या. दिसायला एक नंबर, पण पुढचं डावं बेरिंग काय टिकंना झालंय. पावसाच्या आधी नवीन घातलेलं, दिवाळी यायच्या आत परत घों घों चालू. चाळीसच्या वर गेलं की आवाज येतो, उजव्या वळणाला वाढतो आणि डावीकडं स्टेअरिंग घातलं की जवळजवळ बंद. आता तर ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढायलाय आणि डाव्या रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालेलं दिसतंय.

एक मेकॅनिक म्हणतो नट आवळू आणि चालव, दुसरा म्हणतो किंगपिन (चाक ज्यावर डावीउजवीकडं वळतं ती खीळ) गेलीय, तिसरा म्हणतो हे सगळं मड टायरचंच गाणं आहे. वापर म्हणजे घर ते शेत, पावसात ओढे, आणि अधनंमधनं कणकुंबीवरनं चोर्ला उतरून गोव्याकडं. घरच्या घरी कसं ओळखायचं नेमकं काय गेलंय ते? आणि परत परत का जातंय?

निपाणीचा थारवाला:
लिफ्ट काढ मर्दा. उचललेल्या गाडीची बेरिंगं जाणारच, त्यात नवल काय. माझ्या ओळखीत दोघांचं हेच झालंय, कंपनीनं जेवढी उंची दिलीय तेवढीच बरी.

माजी ईएमई, बेळगाव कॅम्प:
निपाणीकर, लिफ्टवर सगळं ढकलू नका. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, जीपगाड्यांचे हब (चाकाचा मधला, बेरिंगवर फिरणारा भाग) उघडण्यात आयुष्य घालवलंय म्हणून सांगतो. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर बाहेरच्या चाकावर थोडा भार जास्त पडतो, हे खरं. कॅस्टर (किंगपिनचा मागं झुकलेला कोन) बिघडला तर स्टेअरिंग भटकतं, हेही खरं. पण पट्टा एक्सलच्या वर असो की खाली, सरळ रस्त्यावर त्या चाकाच्या बेरिंगवर येणारं वजन तेवढंच राहतं. बेरिंगला मारतोय तो स्पेसर आणि रुंद रिम. त्याचं गणित कोणतरी लेथवाला सांगेल, मी ओळखायचं कसं तेवढं सांगतो.

आवाजावरनंच अर्धं कळतं. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला म्हणजे संशय डाव्यावर. मड टायरचा आवाज रस्त्याप्रमाणं बदलतो, डांबरावरनं सिमेंटवर आलास की सूर लगेच वेगळा लागतो. बेरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, ते वेगाबरोबर चढतं आणि वळणाला बदलतं. तू लिहिलंयस त्यात टायरवाला मेकॅनिक बाद झाला.

आता खेळ, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, बघायचा. मागच्या चाकांना दगड लाव, पुढनं जॅक लावून एक्सलखाली घोडी (स्टँड) ठेव, नुसत्या जॅकवर काम करू नको. टायर वर आणि खाली धरून आत बाहेर हलव. हललं, टक टक झालं, तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून बसव आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर ड्रम बॅकप्लेटला धरला जातो, म्हणजे हब आणि नकल (किंगपिनवर वळणारा तुकडा) एकजीव होतात. खेळ गायब झाला तर बेरिंग. तरीही तेवढाच राहिला तर किंगपिनचं बेरिंग, मग शिम (पातळ चकत्या) बघायला लागणार. डावीउजवीकडं धरून हलवल्यावरच खेळ दिसला तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड आधी बघ. चाक हातानं फिरवताना दुसरा हात पट्ट्यावर ठेव, खराब बेरिंगची खरखर पट्ट्यातनं हाताला लागते, कानाला ऐकू यायच्या आधी.

ब्रेक उजवीकडं ओढतोय त्याचा अर्थ डाव्या ब्रेक शूवर ग्रीस गेलंय. म्हणजे ऑईल सील फाटलंय आणि तिकडचा ब्रेक धरत नाही. हे दुरुस्त केल्याशिवाय चोर्ला उतरू नको. नट आवळून चालव म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस, खड्डे पडलेल्या बेरिंगचा नट आवळला की ते जास्त तापतं आणि एखाद्या दिवशी स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) चिकटून बसतं.

उद्यमबाग लेथ:
काकांनी माझ्यावर ढकललंय तर सांगतो.

या जुन्या पॅटर्नच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेरिंगं असतात, एक आतलं एक बाहेरचं, आणि मूळ रिमला चाकाची मधली रेघ त्या दोघांच्या मधे कुठंतरी पडेल असं ठरवलेलं असतं, म्हणजे वजन दोघं वाटून घेतात. आता रुंद रिम जेवढा बाहेर आला त्यात ३५ चा स्पेसर मिळव, मधली रेघ सहज ५० मिमी बाहेर गेली असणार. पुढच्या एका चाकावर ३५० किलो धरले तर गाडी नुसती उभी असताना साधारण १७० न्यूटन मीटरचा पीळ जास्तीचा आला. सगळा बोजा बाहेरच्या बेरिंगवर, आणि आतल्याला उलटा वर उचलणारा जोर. खड्ड्यात आदळली की त्याच्या किती पट ते तूच बघ. वर टायर मोठा, म्हणजे वळणावर जमिनीपाशी लागणारा आडवा जोर हबपर्यंत यायचा दांडा पण लांब झाला, वजन पण वाढलं.

आता मजा बघ. रोलर बेरिंगच्या आयुष्याचा हिशोब भाराच्या १०/३ घातानं चालतो. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर येतं. दुप्पट झाला तर एक दशांश. म्हणजे जे बेरिंग पाच वर्षं गेलं असतं ते सहा महिन्यात बोंबलणार, त्यात बेरिंग कंपनीचा दोष नाही. पाणी चिखल अजून धरलेलाच नाही मी यात.

दुसरं, हब उघडलास की नुसतं बेरिंग बदलून मोकळा होऊ नको. कप, म्हणजे बेरिंगची बाहेरची रिंग, हबच्या घरात प्रेस फिट असायला पाहिजे. बोटानं फिरतोय का बघ, फिरत असेल तर घर खाल्लंय. आपल्याकडं अशा वेळी घरात चारी बाजूनं पंच मारून कप घट्ट बसवायची पद्धत आहे, माझ्याकडं रोज कोण ना कोण असला हब घेऊन येतंय. त्या पंचच्या टोकांवर कप टेकतो, बाकी सगळीकडं पोकळ, आठवड्याभरात टोकं चेपली की परत सैल आणि तोवर कप वाकडा बसलेला. हब चांगला मिळत असेल तर दुसरा घे, नाहीतर बोअर करून स्लीव्ह घालून घे. स्पिंडलवर कोन, म्हणजे रोलरसकट आतली रिंग, हातानं सरकून बसतो ते ठीक, पण स्पिंडल निळा पडला असेल किंवा नखाला खाच लागत असेल तर स्पिंडलच बदलायचा, वेल्डिंग भरून टर्न करायला मी तर घेत नाही असलं काम.

कप काढताना पितळी पंच, बसवताना जुना कप थोडा घासून त्याचाच ड्रिफ्ट करायचा, चौफेर सारखा ठोकत. तळाला टेकला की आवाज बदलतो, ठण्ण असा घट्ट येतो. कप आणि कोन नेहमी जोडीनं बदल, जुन्या कपात नवा कोन घालू नको. नंबर जुन्या बेरिंगवर कोरलेला असतोय तोच दुकानात दाखव, आणि छपाई पुसट असलेलं, बिल न देणारं स्वस्तातलं बेरिंग घेऊ नको.

हल्याळकडचा:
पाण्याचं कोण बोललं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडं जोयडा हल्याळ बाजूला हे रोजचंच. घाट उतरून ब्रेक मारून मारून ड्रम आणि हब गरम झालेले असतात, आणि खाली आल्या आल्या आपण ओढ्यात घालतो. गरम हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातनं पाणी आत ओढून घेते. बाहेरनं काहीच कळत नाही, आत ग्रीस दुधाच्या चहागत झालेलं असतंय. रोलरवर गंज बसतो, मग खड्डे, मग आवाज. पाण्यात घालायच्या आधी थोडा वेळ गाडी उभी करा, हाताला ड्रम सोसवंल एवढा होऊ द्या. आणि वॉशिंग सेंटरला त्या पोराला सांगा की हबच्या मधोमध आणि आतल्या सीलवर प्रेशरची धार धरू नको बाबा.

आणि फ्रीव्हील हबचं (पुढचं चाक फोर बाय फोरला जोडायचं-सोडायचं) झाकण काढून बघा, त्याचं गॅस्केट फाटलेलं असलं तर पाणी तिथनंच शिरतं, लोक उगाच आतल्या सीलला शिव्या घालत बसतात.

जांबोटीवाला:
उघडलं. आधी काकांनी सांगितल्यागत बघितलं, भावाला ब्रेकवर बसवलं, खेळ एकदम गायब, म्हणजे किंगपिनवाला पण बाद. हब काढला तर बाहेरच्या बेरिंगच्या कपावर खवले सुटल्यासारखे खड्डे, आणि आतल्याचं ग्रीस हल्याळच्या साहेबांनी सांगितलं तसंच, चहाच्या रंगाचं. बाहेरच्यात ग्रीस काळं आणि जळकं. सीलचा ओठ एका बाजूला झिजून धार झालेली. कप सुदैवानं घट्ट आहेत, स्पिंडलला खाच नाही. बेरिंगं, सील, लॉक वॉशर सगळं आणलं. पण नट किती आवळायचा यावर परत दोन मतं. दुकानदार म्हणतो गच्च आवळ, सैल राहिलं तर चाक निघून येईल.

माजी ईएमई, बेळगाव कॅम्प:
दुकानदाराला विकू दे बेरिंग, फिटिंग आपण करू. टेपर रोलर गच्च आवळायचं नसतं कधी.

जुनं ग्रीस हबच्या आतनं सगळं खरवडून रॉकेल किंवा डिझेलनं धू, फडक्यानं कोरडं कर. कॉम्प्रेसरची हवा मारून बेरिंग भिंगरीगत फिरवायची हौस करू नको. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्सचं, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर), डब्यावर व्हील बेरिंग लिहिलेलं. पट्ट्याला शॅकलला मारतो ते चेसिस ग्रीस हबमध्ये नको, दोन जातीची मिसळू पण नको. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेरिंगची जाड बाजू त्यावर आपटत आपटत दाबायची, वरच्या बाजूनं रोलरच्या मधनं ग्रीस शेवयागत बाहेर आलं की तेवढा भाग भरला, मग फिरवून पुढचा. कपाला एक थर, सीलच्या ओठाला बोटभर. हबची पोकळी निम्म्यापेक्षा जास्त भरू नको, ठासून भरलं की तापल्यावर वाट काढून ब्रेक शूवर जातं. ग्रीस प्यायलेले शू तर बदलूनच टाक, पेट्रोलनं धुवून काही होत नाही, तापले की परत घाम फुटतो त्यांना.

नट असा. चाक फिरवत फिरवत आतला नट आवळत जा, चाक जड व्हायला लागलं की थांब. मग एक षष्ठांश फेरा मागं, षटकोनी नट आहे म्हणजे एक बाजू मागं. लॉक वॉशर, वर दुसरा नट घट्ट, आणि मग परत चाक हलवून बघ, कारण बाहेरचा नट आवळला की आतला चुडीतला (आट्यांमधला) खेळ खाऊन थोडा पुढं सरकतो. जड झालं तर सगळं सोडून परत कर. शेवटी वॉशरची कड नटावर दुमडायची. छिन्नी लावून हातोडीनं नट फिरवायचा नाही, पाना घे. थोडं चालवून आल्यावर हबला हात लाव, दोन्ही बाजू सारख्या कोमट असल्या की झालं.

निपाणीचा थारवाला:
हे नव्या गाडीला चालतं का काका? नट सैल करून वगैरे?

उद्यमबाग लेथ:
नाही. नव्या गाड्यांना सील्ड हब युनिट असलं तर त्यात प्ले लावायचं काम नसतं. एक्सलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं टॉर्क रेंचनंच, आणि तो नट आवळल्याशिवाय गाडी चाकावर टेकवायची नाही, जागच्या जागी युनिट खराब होतं. बऱ्याच गाड्यांत एबीएसची रिंग त्याच बेरिंगात असते, म्हणून कधी कधी आवाजाआधी एबीएसचा दिवा लागतो. नकलमध्ये प्रेसनं बसवायचं असलं तर जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर दाबलं की गोळ्यांचे वण उठतात आणि नवीन बेरिंग पहिल्या दिवसापासनं गुणगुणतं. तुझ्या थारला स्पेसर असला तर हेच गणित तुलाही लागू, लिफ्ट असो नसो.

जांबोटीवाला:
बसलं सगळं. आवाज नाही, ब्रेक सरळ. आता स्पेसर काढले तर टायर फुल्ल स्टेअरिंगला पट्ट्याला घासणार, त्याचं काय? ३१ ठेवायचेत मला.

माजी ईएमई, बेळगाव कॅम्प:
ठेव की, ३१ ला कोण नको म्हणतंय. ३१ × १०.५० हा टायर ७ ते ९ इंचाच्या रिमवर बसतो. तुझा रिम किती रुंद ते मोज, ७ इंचाचा आणि ऑफसेट (रिम किती आतबाहेर बसतो ते) मूळच्या जवळचा, ५ × १३९.७ चा (पाच बोल्ट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर) जुना रिम बघ, भंगार बाजारात सापडतात. तरी घासलाच तर नकलवरचा स्टेअरिंग स्टॉपचा बोल्ट (चाक किती वळंल ते अडवणारा) फिरवून थोडा पुढं आण. वळायला जागा थोडी जास्त लागेल, शेतात काय घाई असते का.

हल्याळकडचा:
कागदाचं पण बघून घे गा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. कोगनोळीच्या नाक्यावर कुणी थांबवलं तर आधी बाहेर आलेली चाकंच दिसतात.

निपाणीचा थारवाला:
जांबोटीवाले, स्पेसर काढलात तर विकणार काय? मी ३५ चेच शोधायलालोय.

उद्यमबाग लेथ:
वर लिहिलेलं वाच की आधी.