मदत हवी आहे : धुळ्यातलं जुनं घर, पाडायचं की वाचवायचं?

नमस्कार मंडळी, धुळ्यात एका जुन्या गल्लीत आमचं पणजोबांचं धाब्याचं घर आहे, सागवानी खांब, कोरीव तुळया, ओट्यावर दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आता चार भावांचे हिस्से झाले, पोरांना राहायला जागा पुरत नाही, आणि बिल्डर म्हणतो पाडा, पाच मजले उभे करतो. चुलत भावाचं चुकतं असंही नाही, त्याचे पाच जण दोन खोल्यांत राहतात. पण १८१९ ला ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे हे खान्देशाचं मुख्य ठाणं केलं आणि पुढे या सरळ गल्ल्या आखल्या गेल्या, ती ओळखच एकेक घर पाडून चाललीय, बघवत नाही.

मला हे विचारायचंय की पुढचा दर्शनी भाग आणि ओटा तसाच ठेवून मागे घरातल्या चौकाच्या जागेवर मजले चढवता येतात का, कोणी केलंय का? यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) हेरिटेज यादीतल्या इमारतीला टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, मिळतो, पण आमचं घर यादीत नाही, मग नाव घालायला अर्ज कुठे, कसा करायचा? आणि खान्देशात जुन्या सागाचं काम जाणणारा सुतार किंवा आर्किटेक्ट माहीत असेल तर प्लीज सांगा. दिवाळीला सगळे भाऊ बसणार आहेत, त्याआधी हातात काहीतरी पाहिजे.