माळकरी नवऱ्याला घेऊन समुद्रावर: मालवण, कारवार की गोकर्ण?

गिरणीवाली_खानापूर

बेळगाव-खानापूर भागातल्या जाणत्यांनी जरा सांगा.

जांबोटी रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून जो काही प्रवास केला तो पंढरपूरचा, नाहीतर आळंदीचा. माझी तक्रार नाही, चंद्रभागेच्या वाळवंटात फुगडी मीही घालते. पण टेम्पोत अख्खी दिंडी, मुक्कामाला पोचलं की पुरुष हरिपाठाला आणि आम्ही बायका चुलीपुढं. त्याला सुट्टी कोण म्हणेल? यंदा मुलीचं लग्न उरकलं, मुलगा हुबळीला शिकायला आहे. सुगी आटपली, कार्तिकी झाली की समुद्राकाठी दोन रात्री राहून यावं, दोघांनीच, असं माझ्या मनात आहे. ह्यांना अजून नीट सांगितलेलं नाही. रात्री मोबाईलवर फोटो बघत बसले की "काय बघूलास गं?" विचारतात आणि झोपतात.

अडचण अशी की हे माळकरी. मासळी-मटण तर नाहीच, एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मी चंदगडची, नदीच्या माशांवर वाढलेली. इथं घरात करत नाही, माहेरी गेले की पोटभर खाते. ह्यांना ते ठाऊक आहे, कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण समुद्रावर जाऊन मी सुरमई खायची आणि ह्यांनी समोर बसून वरणभात, हे जमेल का? मासे तळलेल्याच तव्यावर चपाती भाजली तर ते उठून जातील, ते मात्र नक्की.

मुलगा म्हणतो गोव्याला जा, चोर्ला घाट उतरला की झालं. पण गोवा म्हटलं की गल्लीत सगळे बाटलीचंच विचारणार. गाडी नाही, बसनं जायचं. आणि बायका साडीवर पाण्यात उतरतात का हो? हसू नका.

---

डेपोवाला_निवृत्त

वहिनी, हसायचं काय त्यात. आधी तिकिटाचं बघा. शक्ती योजना जून २०२३ पासून चालू आहे, आपल्या कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस बसला तुमचं तिकीट शून्य. आधार कार्डावर पत्ता इकडचा पाहिजे, तो आहेच. पण हे राज्याच्या आत. परराज्यात जाणाऱ्या गाडीला शक्ती चालत नाही, कंडक्टरशी भांडून उपयोग नाही. मी तीच भांडणं मिटवत रिटायर झालो.

मालवणला जायचं तर शिनोळीवरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथनं पुढं मालवण. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. म्हणजे शिनोळीपर्यंत पूर्ण आणि पुढं अर्धं. गोकर्णाला जाताना तुमचा एक पैसा लागणार नाही, पैसे मालकांचेच. थेट गाडी नाही मिळाली तर अंकोला किंवा कुमटा गाठा, तिथून गाड्या आहेत.

माझं मत गोकर्ण. महाबळेश्वराचं दर्शन होतं, शाकाहारी जेवण दारोदारी, मालक खूश. पुरुषांना सदरा काढून, लुंगी-धोतर नेसून आत जावं लागतं, तेवढं सांगून ठेवा. दुपारी देऊळ बंद असतं, सकाळीच उरका. कुडले बीचवर चालत जाता येतं, ओम बीचला रिक्षा करा.

---

सदाशिवगडकर

कारवारला कुणी नाव घेईना म्हणून मी लिहितो. रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा करत उतरायचं. सगळा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला, नुसता त्या रस्त्यासाठी यावं असा. टागोर बीच गावातच आहे, बस स्टँडवरून चालत. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथं न्यायाधीश होते, त्यांच्याकडं रवींद्रनाथ येऊन राहिले होते, म्हणून त्यांचं नाव. किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही जुनी युद्धनौका उभी करून ठेवलीय, आत जाऊन बघता येते. मराठी सगळ्यांना कळते, कोकणी तर घरचीच. काळी नदीचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला त्याची धास्ती नको, शेजारच्या नव्या पुलावरून वाहतूक चालू आहे.

एक खरं सांगतो, इथं पर्यटकांची गर्दी कमी, म्हणून सोयीही कमी. पण संध्याकाळी वाळूवर नवराबायकोनं बसावं आणि कुणी 'बोट पाहिजे का' म्हणून मागं लागू नये, एवढंच हवं असेल तर कारवार.

---

काणकोण_फेरी

गोवा म्हणजे फक्त कळंगुट-बागा हे डोक्यातून काढा. काणकोणचं पाळोळे बघा. पावसाळ्यात तिथल्या लाकडी झोपड्या उतरवतात, पाऊस गेला की परत उभ्या करतात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा नव्या तयार असतील. शेजारी आगोंदला कासवं अंडी घालायला येतात. ह्यांच्यासाठी पर्तगाळचा मठही जवळ आहे. मात्र रात्री गाणीबिणी चालतात आणि खोलीचं भाडं डिसेंबरात चढतं.

---

वडगावची_सून

ताई, मी माहेरची देवबागची, लग्न होऊन बेळगावात वडगावला आले. म्हणून जरा लांब लिहिते, रागावू नका.

डेपोकाकांचं तिकिटाचं गणित बरोबर, पण सल्ला पटला नाही. गोकर्णाला नेलंत की तुमची सुट्टी गेली. पहाटे दर्शनाची रांग, मग महागणपती, मग कोटितीर्थ, मग कुणीतरी सांगणार मुरुडेश्वर जवळच आहे, एकशे तेवीस फुटांचा महादेव बघितल्याशिवाय कसं परतायचं. तुम्ही परत यात्रेकरू. देवस्थानाच्या गावात माळकरी माणसाला नुसतं बसवून ठेवता येत नाही. माझे सासरे माळकरी होते, मी बघितलंय.

मालवणला या. जेवणाची भीती ज्यांना मासळीच माहीत आहे त्यांना वाटते. आमच्याकडं सोमवारी कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, श्रावणात नाहीत, गणपतीत नाहीत. त्या दिवशी आम्ही उपाशी बसतो काय? काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, घावणे आणि नारळाचा रस, वालीची भाजी, फणसाची भाजी, सोलकढी. हे खाऊन ते पंढरपूरचं जेवण विसरतील. युक्ती एवढीच की हॉटेलात खोली घेऊ नका. तारकर्ली-देवबागेत घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या आहेत, तिथं घरची बाई रांधते. खोली ठरवतानाच फोनवर विचारा, "माळकरी माणूस आहे, तवा आणि भांडी वेगळी ठेवाल का?" हो म्हणाली तर घ्या, अडखळली तर दुसरं घर बघा. तुमची सुरमई मालवण बाजारात दुपारी खा. तेव्हा ते किल्ल्याच्या जेट्टीवर बसतील.

किल्ला म्हणजे सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर, १६६४ साली महाराजांनी काम सुरू केलं. होडीनं जायचं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, मूर्तीला दाढी नाही, ते सगळ्यांना नवल वाटतं. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. ह्यांचा हात जोडायचा प्रश्न तिथंच सुटतो, आणि तासा-दोन तासांत होडी परतते. रांग नाही, मुक्काम नाही.

आता तारीख. त्रिपुरी पौर्णिमा झाली की लगेच निघा. का, तर वद्य एकादशी आली की मंडळी आळंदीला जाऊया म्हणणार, माउलींची समाधी तिथी त्रयोदशीला. आणि पुढं मार्गशीर्ष लागला की तुमचेच गुरुवार सुरू होणार, मग सुरमई राहिली. मधले आठ दिवस तुमचे.

भरती-ओहोटीही पंचांगावरून कळते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. दिवसात दोन भरत्या, मधे सहा तासांनी ओहोटी. मालवणात तासभर अलीकडं धरा. म्हणजे त्या चतुर्थी-पंचमीला सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पाणी ओसरलेलं, वाळू रुंद, चालायला छान. आमचे आजोबा घड्याळाशिवाय याच हिशेबावर होडी लावायचे.

साडीचं म्हणाल तर काठावर घोट्याएवढ्या पाण्यात बिनधास्त उभ्या राहा, आमच्या सगळ्या आया तशाच उभ्या असतात. कमरेएवढ्या पाण्यात मात्र साडी नको. निऱ्या भिजून पायांत अडकतात आणि लाट ओढते. एक पंजाबी ड्रेस पिशवीत टाका. देवबागेच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं ओढ जबरदस्त, लांबून बघा, उतरू नका. पाण्यात पाय घालायला मालवण गावातला चिवला बीच शांत आहे.

---

सदाशिवगडकर

वडगावच्या ताईंनी आमचं कारवार एका वाक्यातही घेतलं नाही. असो. तिथीचा हिशेब बरोबर आहे, आमच्याकडंही तोच.

---

गिरणीवाली_खानापूर

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना विषय काढला. मी समुद्र म्हटलं तर म्हणाले, "गणपतीपुळ्याला बघितलाय की." तो मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर, बसमधून. मग किल्ल्याचं सांगितलं, तीन विहिरींचं सांगितलं. घास हातात धरून विचारतात, "खाऱ्या पाण्यात गोडी विहीर? झरा कुठनं येत असेल?" तेव्हाच मी समजले, मालवण ठरलं.

मग अटी. गिरणी बंद ठेवायची नाही, दिराला बसवायचं. दळणाचे डबे मी लावून जायचे आणि कुणाचं ज्वारीचं, कुणाचं नाचणीचं ते चिठ्ठी लावून. हरिपाठ संध्याकाळी चुकवणार नाहीत, तो वाळूवर बसून म्हणतील. म्हणू देत. मी तेवढा वेळ पाण्यात उभी राहीन, पंजाबी ड्रेस घालून. तो मुलीकडून मागवलाय. सुरमईचं मी सांगितलं नाही, त्यांनीच विचारलं, "तू मासे खाणार असशील ना तिकडं?" होय म्हटलं. "मग चांगलं खा, बाजारात भाव करून घे," एवढंच.

वडगावच्या ताई, तव्याचं फोनवर मी आधी विचारते. डेपोकाका, सावंतवाडीची सकाळची गाडी किती वाजता सुटते? खानापुरातून बेळगाव स्टँडला यायला वेळ धरावा लागेल.

---

डेपोवाला_निवृत्त

वेळा सणासुदीला बदलतात, आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी खिडकीला विचारा, मोबाईलवरच्या वेळेवर जाऊ नका. खानापुरातून पहाटेची पहिली बेळगाव गाडी धरा. आणि आंबोलीच्या वळणांत मालकांना मळमळायला लागलं तर मागं बसवू नका, ड्रायव्हरच्या मागची सीट धरा, लिंबू हातात ठेवा. रिकाम्या पोटी नको, पण पोहे भरपेट खाऊनही चढू नका.