पहिल्याच सत्रात छात्राध्यापकांना शाळेत पाठवल्यास त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यावे?

प्रश्न : अध्यापक विद्यालयातील एक अध्यापिका

नमस्कार. प्राथमिक शिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमाला मी बालविकास आणि गणित अध्यापन हे विषय शिकवते. आमच्याकडे आजवरचा क्रम ठरलेला आहे : आधी तात्त्विक विषय, मग पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) आणि सूक्ष्म अध्यापन (लहान गटापुढे काही मिनिटांचा पाठ), त्यानंतर सराव पाठ आणि अगदी शेवटी सलग आंतरवासिता (शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ). आता प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यातच छात्राध्यापकांना आठवड्यातून एक दिवस शाळेत पाठवावे, असा प्रस्ताव पुढे आला आहे. काही सहकाऱ्यांच्या मते, मुले कशी शिकतात याचा गंधही नसलेल्या व्यक्तीला वर्गात बसवून तिच्या हाती काही लागत नाही. इतरांना वाटते की, मुलांच्या सहवासाविना शिकलेले मानसशास्त्र परीक्षेपुरतेच उरते.

मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते, पण माझी अडचण वेगळीच आहे. छात्राध्यापकांच्या निरीक्षण वह्या मी दरवर्षी तपासते आणि त्यांत बहुतेक पानांवर तीच वाक्ये आढळतात : 'शिक्षकांचा आवाज स्पष्ट होता', 'फलकलेखन सुवाच्य होते', 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता'. अभ्यासक्रम अर्ध्याहून अधिक पुरा झाल्यावर केलेले निरीक्षण इतके पोकळ असेल, तर तेच काम पहिल्या महिन्यात आणून काय साधणार? म्हणून जाणकारांना विचारते : इतक्या लवकर वर्गात गेलेल्या छात्राध्यापकाने तिथे काय करावे, त्याने प्रत्यक्ष शिकवायला केव्हा लागावे, आणि शाळेतील वर्गशिक्षकांकडून आपण कोणती अपेक्षा ठेवणे रास्त आहे?

उत्तर : शिक्षक-प्रशिक्षणात दीर्घकाळ काम केलेले प्राध्यापक

मॅडम, त्या ठरावीक वाक्यांचे मूळ छात्राध्यापकांच्या आळसात नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते की, शिक्षकी पेशात येणारी व्यक्ती शालेय शिक्षण संपेपर्यंत सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसलेली असते. दुसऱ्या क्वचितच एखाद्या व्यवसायात नवखा माणूस कामाचा इतका परिचय घेऊन येत असेल. मात्र हा सगळा परिचय बाकावरून झालेला असतो. शिक्षक काय करतात ते त्याने पाहिलेले असते. ते तसे का करतात, ऐन वेळी कोणता प्रश्न गाळतात, कोणत्या मुलाकडे मुद्दाम वळतात आणि कोणाकडे मुद्दाम वळत नाहीत, हे त्याला कधी कळलेलेच नसते. अशा व्यक्तीच्या हाती वही देऊन तिला पुन्हा त्याच बाकावर बसवले की ती विद्यार्थ्याच्या जुन्या नजरेने शिक्षकाकडे पाहते आणि आवाज, अक्षर, शिस्त यांवर शेरे लिहून मोकळी होते. लवकर शाळेत पाठवण्याचे सर्वांत सबळ कारण मला हेच वाटते. ही नजर जितकी लवकर मुलांकडे वळेल, तितके पुढचे तात्त्विक विषय अंगी लागतील. फक्त ती आपोआप वळत नाही.

दुसऱ्या बाजूच्या सहकाऱ्यांची भीतीही निराधार नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ व शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०४ मध्येच बजावले होते की, वर्गाची जबाबदारी फार लवकर अंगावर पडली तर नवख्या शिक्षकाचे सारे लक्ष मुले वरकरणी शांत आणि एकाग्र दिसतात की नाही याकडे लागते, आणि त्या शांततेत मुलांच्या मनात काही विचार चालला आहे का, हे ओळखण्याची सवय लागायचीच राहून जाते. वर्ग ताब्यात ठेवण्याच्या युक्त्या लवकर जमतात, आणि एकदा जमल्या की पुढे शिकण्याची निकडच वाटेनाशी होते. म्हणून लवकर जावे, पण पहिल्या सत्रात अख्खा वर्ग हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सर्वप्रथम, छात्राध्यापकाची खुर्ची वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी ठेवू नका. तिथून मुलांच्या पाठी दिसतात आणि समोर एकटे शिक्षक दिसतात, मग नोंदीही त्यांच्याच होतात. खुर्ची फळ्याच्या एका बाजूला, मुलांकडे तोंड करून ठेवली की चेहरे, हात आणि जवळच्या वह्या दिसू लागतात. दुसरे, दिवसाला एकच काम द्या. दोन मुले निवडावीत आणि त्यांनी काय लिहिले, काय खोडले, कोणत्या क्षणी शेजारच्या वहीत डोकावले, काय बोलले, एवढेच जसेच्या तसे टिपावे. 'चांगला', 'समाधानकारक', 'उत्साही' हे शब्द त्या वहीत वर्ज्य ठेवावेत.

गणिताचेच उदाहरण घेऊ. एखाद्या मुलाने ४२ मधून १७ वजा करून ३५ उत्तर लिहिले. 'वजाबाकी चुकली' ही नोंद कोणीही करील. मुलाने मात्र दशकांत ४ मधून १ वजा करून ३ लिहिले आहेत आणि एककांत २ मधून ७ जात नाहीत हे पाहून ७ मधून २ वजा करून ५ लिहिले आहेत. त्याच्या डोक्यात एक पक्का नियम आहे : मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. हा अंदाज खरा की खोटा, हे छात्राध्यापकाला त्याच वहीत तपासता येते. ६३ वजा २८ चे उत्तर त्याने ४५ लिहिले आहे का? ५८ वजा २३ मात्र बिनचूक ३५ आले आहे का? दोन्ही तसेच आढळले, तर त्या मुलाला आणखी दहा उदाहरणे देऊन उपयोग नाही, हे छात्राध्यापकाला कोणी सांगावे लागत नाही. स्थानिक किमतीवरील तुमच्या पुढच्या तासाला तो स्वतःचा प्रश्न घेऊनच बसेल.

उत्तर : दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मार्गदर्शक शिक्षिका

सरांच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. शाळेच्या बाजूने काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण नियोजनाच्या बैठकांत आम्ही क्वचितच असतो.

माझ्या वर्गात बसलेल्या छात्राध्यापिकेला माझे निर्णय दिसत नाहीत. मी एका मुलीला प्रश्न विचारायला सुरुवात करते आणि मध्येच तो दुसऱ्या मुलाकडे वळवते, तेव्हा त्यामागे कारण असते. ती आज सकाळपासून रडवेली आहे, किंवा तिला उत्तर येते हे मला ठाऊक आहे आणि मला दुसऱ्या मुलाचे ऐकायचे आहे. हे सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही आणि सांगायला तासानंतर निदान दहा मिनिटे हवीत. ती वेळापत्रकात धरलेली नसतील, तर ती मिळत नाहीत, कारण घंटा झाली की पुढचा तास दारात उभा असतो. अध्यापक विद्यालयातून येणाऱ्या पत्रात बहुधा 'आपण सहकार्य करावे' एवढेच असते. त्याऐवजी या आठवड्यात छात्राध्यापक काय पाहणार आहे, हे दोन ओळींत आधी कळवले, तर मी त्या दिवशीचा पाठ त्याला धरून घेऊ शकते.

शिकवायला केव्हा लागावे, याचे माझे उत्तर असे : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, पण चार मुलांसोबत. प्रकट वाचन ऐकणे हे मला सर्वांत उपयोगी काम वाटते. मूल एखाद्या जोडाक्षराशी अडते, 'पुस्तक' शब्दात 'पु' म्हणते, थांबते, ओठ हलवून 'स' आणि 'त' जोडून पाहू लागते, आणि तेवढ्यात शेजारी बसलेला छात्राध्यापक न राहवून अख्खा शब्द सांगून टाकतो. जवळजवळ सगळेच नवखे हे करतात आणि मायेपोटीच करतात. मी त्यांना मनात पाचपर्यंत मोजायला सांगते. थांबण्याच्या या गोष्टीला अभ्यासाचा आधार आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरे लांबतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातील संशोधनात आढळले होते. चार मुलांत हे थांबणे शिकता येते. चाळीस मुलांसमोर पहिल्यांदा उभे राहिल्यावर एका सेकंदाची शांतताही सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी. रजेवर असलेल्या शिक्षकाचा वर्ग पहिल्या सत्रातील छात्राध्यापकाकडे सोपवला जाऊ नये. शिक्षक कमी पडतात तेव्हा शाळेला हा मोह होतो आणि छात्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही. ड्यूईंचा जो इशारा सरांनी सांगितला, तो असाच एखादा दिवस खरा करून दाखवतो.

उत्तर : नुकतेच सेवेत रुजू झालेले शिक्षक

माझे मत थोडे वेगळे आहे. सबंध सत्र केवळ पाहण्यात आणि चार मुलांत बसण्यात गेले, तर मनातली धास्ती तशीच राहते. अमेरिकन शिक्षण-संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये मांडले होते की, शिक्षक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीची पहिली काळजी स्वतःविषयीची असते : मुले माझे ऐकतील का, मला हे जमेल का? मुलांच्या शिकण्याची काळजी त्यानंतर येते. हे मला माझ्या अनुभवावरून पटते. ही पहिली काळजी सुटेपर्यंत वजाबाकीतला नियम डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक छात्राध्यापकाला दर आठवड्याला अख्ख्या वर्गासमोर दहा मिनिटांचे एक ठरलेले काम द्यावे. गोष्ट वाचून दाखवणे सर्वांत योग्य, कारण त्यात आवाज, नजर आणि थांबे यांचा सराव होतो आणि चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही. शिवाय सत्रभर वर्ग एकच असावा. दर आठवड्याला नवा वर्ग दिला तर एकाही मुलाचे नाव लक्षात राहत नाही.

पुन्हा प्रश्नकर्त्या अध्यापिका

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. खुर्चीच्या जागेचा मुद्दा इतका साधा असून आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नव्हता. आता दोन गोष्टी उरतात. या दिवसांना गुण कशाचे द्यावेत? आणि शाळेत पाहिलेले आमच्या तासांशी जोडायचे कसे? सूक्ष्म अध्यापन तर वेळापत्रकात आधीपासूनच पहिल्या सत्रात आहे.

उत्तर : वरील प्राध्यापक

आधी गोष्टीच्या दहा मिनिटांविषयी : ती सूचना मला मान्य आहे. त्यात वर्ग सांभाळण्याचा भार नाही, कारण वर्गशिक्षिका शेजारी उभ्या असतात आणि गोष्ट स्वतःच मुलांना धरून ठेवते.

गुणांबाबत माझा आग्रह आहे की, पहिल्या सत्रात पाठाला गुण असूच नयेत. गुण आले की छात्राध्यापक बिनधोक पाठ निवडतो, नेहमी हात वर करणाऱ्या मुलांनाच विचारतो आणि मुलांची चूक उजेडात येऊ देत नाही. गुण नोंदींना द्यावेत, आणि तेही एका कसोटीवर : मुलाने काय केले याचा पुरावा वहीत आहे का, आणि त्यावरून काढलेला अंदाज दुसऱ्या पुराव्याने पडताळला आहे का?

सूक्ष्म अध्यापनाला तर या बदलाचा मोठा लाभ होईल. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली, तेव्हा तिचे मर्म लहान गट, पाच-दहा मिनिटांचा पाठ, लगेच चर्चा आणि सुधारून पुन्हा पाठ यांत होते. आपल्याकडे गटात सहाध्यायी बसतात आणि मुलांची भूमिका करतात. मात्र खरी मुले त्यांनी जवळून पाहिलेली नसतात, म्हणून ते एकतर सगळी उत्तरे बरोबर देतात किंवा भलतीच चूक करतात, आणि पाठ घेणाऱ्याला त्यातून काही शिकायला मिळत नाही. शाळेतून आलेला सहाध्यायी ४२ वजा १७ बरोबर ३५ असे ठामपणे सांगू शकतो आणि विचारल्यावर त्या मुलाचेच स्पष्टीकरण देऊ शकतो. म्हणून सोमवारी शाळा असेल, तर बुधवारचा सूक्ष्म पाठ त्या सोमवारच्या एका खऱ्या चुकीवर बेतावा. तुमच्या गणित अध्यापनाच्या तासाचा आरंभही तिथूनच करता येईल.

शाळा किती असाव्यात हेही पुढे विचारले जाईल. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षक-प्रशिक्षणात बराच काळ शाळांत घालवावा लागतो आणि शाळा निदान दोन असाव्या लागतात. दुसरी शाळा हवी हे मलाही पटते, कारण एकाच शाळेची रीत म्हणजेच अध्यापन, असा समज होऊ नये. मात्र ती दुसऱ्या सत्रात द्यावी.

एक सूचना विद्यार्थ्यांच्या वतीने करतो. छात्राध्यापकांनी मुलांच्या वह्यांची छायाचित्रे मोबाईलवर काढून गटांत पाठवू नयेत. उदाहरण हाताने उतरवून घ्यावे आणि मुलाच्या नावाच्या जागी एखादे अक्षर लिहावे. तासाला चर्चेसाठी तेवढे पुरते, आणि उतरवून घेताना मुलाने कोणता अंक आधी लिहिला असेल याचाही विचार करावा लागतो.