मे महिन्यात थ्रीडी प्रिंटिंगने भिंत उभारायचा काँक्रीटचा माल पंपातच घट्ट होतो

प्रश्न: नागपुरात पारा ४४ वर. ५३ ग्रेड सिमेंट ७०, कोराडी वीजकेंद्रातली कोळशाची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश २०, सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिका पूड) १० टक्के, पाणी-बाइंडर (या तिन्ही पुडी मिळून) प्रमाण ०.३२. वीस मिनिटांत पंप अडतो, थरांमध्ये फट पडते. काय बदलू?

उत्तर १: भाऊ, पाणी वाढवू नका, खालचा थर बसेल. बर्फाचं पाणी घाला, माल ३० अंशांखाली ठेवा. माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून सोडियम ग्लुकोनेट बाइंडरच्या ०.०५ टक्क्यापासून सुरू करा. जास्त झालं की भिंत उभीच राहत नाही. वाळू २ मिमी चाळणीची ना? जाड वाळूनेही पंप अडतो.

उत्तर २: फटीचं कारण वेगळं. उन्हात थराचा पृष्ठभाग सुकतो, वरचा थर धरत नाही. मंडप घाला, हलकं धुकं फवारा. पाणी साचलं तर जोड आणखी कमजोर. सिलिका फ्यूम ५ वर आणा, तो पाणी ओढतो. फ्लाय अ‍ॅश २५ करा.

प्रश्नकर्ता: वाळू ४.७५ मिमी चाळणीची होती! आजच बदलतो.