कौतुक झालं की "मी काहीच नाही" म्हणायचं, ही नम्रता की नाटक?

पेटीवाला_नगर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला पेटी वाजवतो, नाताळाची गाणी पण बसवतो. उपासना सुटली की कोणीतरी येऊन म्हणतं आज मस्त झालं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं की छे हो, माझं काय त्यात, सगळं गौरव प्रभूला. आता वाक्यात चुकीचं काही नाही, पण म्हणताना मनात असतं की यांनी अजून एकदा कौतुक करावं 😅 आणि प्रार्थनेत तर आमच्याकडे स्पर्धाच चालते, एक म्हणतो प्रभू मी धूळ आहे, दुसरा म्हणतो मी धुळीच्याही लायकीचा नाही, आणि हेच दोघं पंच कमिटीच्या इलेक्शननंतर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. तर खरी नम्रता ओळखायची कशी? अजून एक, वर्गणीचा हिशोब मागितला की "तुमच्यात लीनता नाही" असं ऐकावं लागतं, हे शास्त्राला धरून आहे का?

रिटायर्ड_पाळक:
कौतुक झालं तर थँक्यू म्हणा आणि घरी जा, बाकी काही करू नका. "छे हो" म्हटलं की समोरच्याला पुन्हा पटवून द्यावं लागतं, म्हणजे विषय परत तुमच्यावरच. प्रेषित पौलाचं बघा, बायबलमधल्या १ करिंथ १५ मध्ये तो स्वतःला प्रेषितांत सर्वात कनिष्ठ म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो की मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी नाही, देवाच्या कृपेने. केलेलं काम लपवत नाही, श्रेय फक्त जिथलं तिथं देतो. आणि मोशे! गणना १२ मध्ये त्याला पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलंय, पण निर्गम ४ मध्ये तोच जेव्हा मला बोलता येत नाही, दुसऱ्या कोणाला पाठव असं म्हणत बसला तेव्हा देवाचा राग भडकला. म्हणजे "मी अपात्र आहे" हे दर वेळी नम्रतेतूनच येतं असं नाही, कधी कधी ती निव्वळ टाळाटाळ असते. इतकी वर्षं मंडळ्या सांभाळल्या त्यात संडे स्कूलला शिक्षक मागितला की सगळे अपात्र, आणि स्टेजवर हार घ्यायला बोलावलं की सगळे पात्र, हे भरपूर पाहिलंय.

वसईकर_पोऱ्या:
आम्ही कॅथलिक, पण विषय तोच. पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी), येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाय धुणाऱ्याकडे असतं. मला मात्र त्या कथेत त्याचा शिष्य पेत्र जास्त इंटरेस्टिंग वाटतो. तो म्हणतो तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! पण येशू सांगतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दुसऱ्याकडून सेवा घ्यायला पण वाकावं लागतं, आपल्याकडे बरेच जण आयुष्यभर देतात पण आजारपणात कोणी डबा आणला तर कशाला त्रास म्हणून परत पाठवतात. बाकी पोप फ्रान्सिसनी २०१३ ला रोमच्या बालसुधारगृहात जाऊन कैद्यांचे पाय धुतले, त्यात मुली पण होत्या आणि मुस्लिम पण, तेव्हा काही लोकांना ते नियमात बसत नाही म्हणून खटकलं होतं.

शिरूरची_लेक:
दोघांचं पटलं पण हिशोबाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. नम्रता नेहमी खालच्यांनाच का शिकवतात? बाईने प्रश्न विचारला की नम्र राहा, तरुणांनी विचारला की नम्र राहा, आणि पैशाच्या चाव्या ज्यांच्याकडे त्यांना कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंना पण हेच ऐकावं लागलं. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि नंतर त्या शिकवणीबद्दल प्रश्न विचारायला लागल्या तर तिथल्या मठातल्या सिस्टर जेरल्डिन यांना त्यात गर्व दिसला. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, देवाचं वचन मानेन पण पाद्री सांगतील ते सगळं डोळे झाकून मानणार नाही. आता हीच "गर्विष्ठ" बाई पुढे केडगावला दुष्काळातल्या, टाकून दिलेल्या मुलींमध्ये राहिली, हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. १९२२ ला त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४ ला, तेही त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. फिलिप्पै २ मध्ये पण स्वतःला रिकामं करणारा येशू आहे, म्हणजे ज्याच्याकडे सगळं होतं तो खाली आला. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला अजून खाली दाबायला ते वचन वापरू नका.

रिटायर्ड_पाळक:
ताई बरोबर बोललात. पौलाने पण यरुशलेमसाठी वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली, पैशावरून कोणी बोट ठेवू नये म्हणून, २ करिंथ ८ वाचा. पौलाला चालतं तर पंचांना का चालू नये? फक्त हिशोब चारचौघात ओरडून मागू नका, कमिटीला लेखी पत्र द्या.

पेटीवाला_नगर:
थँक्यू सगळ्यांना (बघा, फक्त थँक्यू म्हटलं 😄). पत्र लिहायला घेतलंय, सही करायला अजून चौघे तयार आहेत. एक विचारायचं राहिलं, पत्र पाळकसाहेबांच्या नावाने द्यायचं की सेक्रेटरींच्या?

शिरूरची_लेक:
सेक्रेटरींच्या नावाने, पाळकांना कॉपी. आणि पोच घ्या, ती विसरू नका.