संत्र्याच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर: १८ एचपी की २४?

मृगबहार
नमस्कार. काटोल रस्त्यालगत आमची पाच एकर संत्र्याची बाग असून बारा वर्षांची झाडे ६ × ६ मीटर अंतरावर आहेत. जमीन काळी, भारी. आजवर डवरणी (ओळींमधली उथळ मशागत) भाड्याच्या बैलजोडीने होत असे. आता ती वेळेवर मिळत नाही, म्हणून मिनी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर असा संच घेण्याचे ठरवले आहे. १८ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह पुरेल, की कर्ज वाढवून २४ एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावा?

कळमेश्वरकर
आधी टेप घेऊन बागेत जावे. झाडाचा घेर ४ मीटर झाला असेल, तर दोन ओळींमध्ये उरतात दोनच मीटर, आणि आंबिया बहाराच्या फळांनी लवलेल्या फांद्या त्यातही शिरतात. ट्रॅक्टरची रुंदी सगळेच विचारतात, उंची कोणी विचारत नाही. आमच्या पहिल्या ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर दर फेरीत पाने करपवी आणि हिरवी फळे झोडपून खाली पाडी. शेवटी तो काढून आडवा बसवून घ्यावा लागला.

वाफसा
निवड ब्लोअरपासून सुरू करा. तो पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावर चालतो, आणि पीटीओला मिळणारे एचपी इंजिनाच्या एचपीपेक्षा कमीच असतात. माहितीपत्रकात तोच आकडा पाहावा. दुसरी गोष्ट वजनाची. ४०० लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच ४०० किलो, पंखा, पंप आणि सांगाडा वेगळा. अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता लिंकच्या (जोडदांड्यांच्या) टोकाशी मोजतात, टाकीचा भार मात्र त्याच्याही मागे पडतो. त्यामुळे धुरा (बांध) चढताना पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. पुढे वजने लावावीत, नाहीतर २०० लिटरची टाकी घ्यावी.

भारी जमिनीत मी फोर-व्हीलच घेईन, पण तो चिखलातही चालतो म्हणून भर श्रावणात आत घालणार नाही. वाफसा (मशागतीजोगा ओलावा) नसताना चाक फिरले की माती दबते, पाणी साचते आणि डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) आयते निमंत्रण मिळते.

कळमेश्वरकर
रोटाव्हेटरबाबत एक राहिले. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून पाती उथळ ठेवावीत आणि झाडाच्या घेराखाली यंत्र नेऊच नये. तिथे निंदणाला पर्याय नाही. झाडांवर डिंक दिसत असेल, तर खरेदीआधी नागपूरला अमरावती रस्त्यावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारून घ्यावे.

मृगबहार
आज सकाळी मोजले. पश्चिमेकडच्या चार ओळींत जेमतेम सहा फूट मोकळीक निघाली. ४ फुटी रोटाव्हेटर तिथून जाईल, पण वळताना जागा राहणार नाही, म्हणून धुऱ्याकडची बाभूळ काढावी लागेल. डिंक दोन झाडांवर आहे. २४ एचपी फोर-व्हील, आडवा सायलेन्सर आणि २०० लिटरची टाकी, असा भाव उद्या काढतो.